अंडरसाइन आबा

आमच्या घरमालकांना इंग्रजीत पाणी मागता येत नव्हतं. भूक लागली, पाय दुखतोय, इकडे या, तिकडे जा, यातलं एक वाक्य बोलून दाखवा म्हटलं असतं तर म्हाताऱ्याची दातखीळ बसली असती. पण चाळीच्या मोरीत कुणी केसांचा गुंता टाकला की पाच मिनिटांत नळाशेजारच्या फळ्यावर खडूनं उमटायचं: 'इट हॅज कम टू द नोटीस ऑफ द अंडरसाइन्ड दॅट सम पर्सन ऑर पर्सन्स अननोन...' आणि पुढे मोरी, केस, गुंता यांना इंग्रजीत काय म्हणतात ते माहीत नसल्यामुळे तेवढं मराठीत. खाली सही, तारीख, वेळ. आणि हे कुठं, तर सणसवाडीत कंपन्यांच्या मागे असलेल्या चाळीत, जिथं निम्मे भाडेकरू बिहारचे, चार खोल्या ओडिशाच्या, बाकी लातूर-बीडकडचे, आणि इंग्रजी वाचणारा मी एकटा. म्हणजे मला फार येत होतं अशातला भाग नाही. पण मी कंपनीत क्वालिटीला होतो, त्यामुळे 'चेक्ड, ओके' एवढं तरी रोज शेकडो वेळा लिहायचो. चेक किती करायचो ते विचारू नका.

समोर सगळे त्यांना आबा म्हणायचे, माघारी अंडरसाइन आबा. बिहारी मंडळींनी या नावाचा आपल्या परीनं अर्थ लावला होता. दिनेश म्हणून एक जण नवीन राहायला आला, त्याच आठवड्यात आबांनी फळ्यावरची नोटीस मोठ्यानं वाचून दाखवली आणि शेवटी 'अंडरसाइन' वर जोर दिला. दिनेशला वाटलं, अंदर साइन, म्हणजे आत जाऊन सही करायची आहे. तो चप्पल काढून सरळ आबांच्या स्वयंपाकघरात शिरला आणि भाकरी थापत बसलेल्या आजींना विचारू लागला, "कहाँ करना है?" आजींनी त्याचा भलताच अर्थ घेतला आणि पिठाच्या हातानं उलथनं उगारलं. दिनेश ओरडत बाहेर, आजी मागे, आणि आबा फळ्यापाशी उभे राहून म्हणतायत, थांबा, आधी काय झालं ते असर्टेन करू द्या.

असर्टेन म्हणजे खात्री करून घेणं. हा आबांचा कुलदैवतानंतरचा शब्द. त्यांचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. आबांच्या वेळेला मेंढरं गेली आणि शेती आली, मग शेतीच्या बांधाला कंपन्या येऊन टेकल्या, शेती गेली आणि खोल्या आल्या. मधली तीस वर्षं आबा घोडनदीच्या एका सरकारी कचेरीत शिपाई होते. शिरूर हे नाव एसटीच्या पाटीवर, आबांच्या तोंडी कायम घोडनदीच. चौकशीच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर न्यायच्या, हे त्यांचं काम. साहेब जेवायला गेले की आबा फाइल उघडून वरचा कागद वाचायचे. आधी नुसती अक्षरं जुळवायचे, मग एखाद्या कारकुनाला चहा पाजून अर्थ विचारायचे. त्यामुळे झालं काय, तर इंग्रजी भाषेतला चौकशीचा तेवढा भाग त्यांना पक्का आला आणि बाकीची भाषा शिकायची राहूनच गेली.

या शब्दांना त्यांच्या लेखी हुद्दे होते. सगळ्यात खाली 'इट इज लर्न्ट'. "ते म्हंजी पारावरच्या गप्पा," आबा सांगायचे. "कुणीतरी बोललं, आपण ऐकलं." त्याच्या वर 'इट अपिअर्स', दिसतंय तसं, पण डोळ्यांचा काय भरवसा. मग 'इट ट्रान्स्पायर्स', म्हणजे झाकलेलं आपसूक वर आलं. हा शब्द ते क्वचित वापरायचे आणि वापरला की मिशीवरून हात फिरवायचे. आणि सगळ्यांच्या डोक्यावर असर्टेन्ड. स्वतः जायचं, समक्ष बघायचं, मगच तोंडातनं काढायचा. त्याआधी काढला तर आबांच्या हिशेबी ते पाप होतं.

घरात याचा जो छळ व्हायचा तो आजींनाच माहीत. आमटीत मीठ कमी आहे का, असं विचारलं तर आबा ताटाकडे बघून म्हणणार, इट अपिअर्स. आजी म्हणायच्या, अहो, मग तोंडात घाला की एकदा. एकदा दुपारी पापड लाटताना, शेजारच्या बायका जमलेल्या, आजींनी गमतीनं विचारलं की पन्नास वर्षं झाली, तुमचा माझ्यावर जीव आहे की नाही. आबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, इट इज लर्न्ट. बायकांना काय कळलं नाही, पण आजींना पन्नास वर्षांत एवढं इंग्रजी कळायला लागलं होतं. दोन दिवस आबांना चहा मिळाला नाही.

माझीही गत वेगळी नव्हती. मी दौंड तालुक्यातला. खोली घ्यायला गेलो तेव्हा आधार कार्ड पुढे केलं. आबांनी ते उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, ह्यो कागद म्हंजी इट अपिअर्स. मला वाटलं, म्हाताऱ्याची लहर, असेल काहीतरी. चार दिवसांनी आईचा फोन आला, अरे, तुझे घरमालक आलेत, पिठलं टाकलंय. दोन एसट्या बदलून हा माणूस आमच्या गावी गेला होता! मी आहे तोच आहे का, ते बघायला! आईला विचारलं, शेजाऱ्याला विचारलं, शाळेच्या मास्तरांना गाठलं. परत आले ते संध्याकाळी नळावर सगळी चाळ जमलेली असताना म्हणाले, "असर्टेन्ड. पोरगं खरं हाय. आई म्हणली, सहा वर्साचं हुईस्तवर माती खायचं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढे वर्षभर ओडिशावाले मला 'मिट्टी भाई' म्हणायचे.

बिबट्याचं प्रकरण तर अख्ख्या पंचक्रोशीला माहीत आहे. आमच्याकडे उसात बिबटे असतात यात खोटं काही नाही, पण प्रत्येक कुत्रं बिबट्या नसतं. एकदा सकाळी चाळीमागच्या उसाच्या कडेला ठसे दिसले आणि वाघ आला, वाघ आला म्हणून गाव गोळा झालं. फोटो निघाले, गावभर फिरले. आबा धोतर खोचून ठशांपाशी उकिडवे बसले, बोटानं मातीत काहीतरी मापलं आणि म्हणाले, "नखं उमटल्यात. वाघ नखं आत घिऊन चालतो. ह्ये कुत्रं हाय." त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. मेंढरू गेलं की दहा जण लांडगा-लांडगा ओरडायचे, पण वडील ठसा बघितल्याशिवाय लांडग्याचं नाव घ्यायचे नाहीत. ठसे सरपंचांच्या कुत्र्याचे निघाले आणि सरपंच महिनाभर आबांशी बोलले नाहीत. त्यानंतर दोन महिन्यांनी पुन्हा ओरड झाली. पुन्हा आबा एकटे उसात शिरले. पाच मिनिटांनी जे बाहेर आले ते धोतराचा सोगा हातात धरून, पांढरेफटक, सरळ गोठ्यात जाऊन गव्हाणीत बसले. काय झालं आबा, म्हणून विचारलं तर एवढंच बोलले, असर्टेन्ड. दोन तास गोठ्यातून हलले नाहीत.

आम्ही हसायचो. मी तर जास्तच. आबांची नक्कल करण्यात माझा हात कुणी धरत नव्हता, कंपनीच्या कँटीनमध्ये मी ती रोज करायचो.

दिनेशची बायको आणि चार वर्षांची मुलगी गावाहून आली तेव्हा आबा त्याच्याबरोबर दौंड स्टेशनावर गेले. कशाला, तर भाडेकरूनं बायको-मुलगी येणार म्हणून सांगितलंय, ती खरंच येतायत का, ते बघायला. मुलगी आतापर्यंत गावी तिच्या आजीजवळ वाढलेली. बाप तिच्या ओळखीचाच नव्हता. पहिला महिनाभर ती त्याला अंकल म्हणायची आणि त्यानं उचललं की भोकाड पसरायची. चाळ पोट धरून हसायची, दिनेश बिचारा ओशाळून जायचा. रोज संध्याकाळी तो तिला कडेवर घेऊन नळापासून फाटकापर्यंत चकरा मारायचा, सवय लागावी म्हणून. ती पोर माझ्या पायरीवर बसून चपला ओळीनं लावायचा खेळ खेळायची. कामावरून आलो की तिला उचलून बाजूला ठेवल्याशिवाय मला खोलीत शिरता यायचं नाही.

आता जे सांगायचं ते सांगून टाकतो.

एका बाजारच्या दिवशी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, माझ्या मोबाईलवर एक फोटो आला. तळेगाव ढमढेऱ्याचा आठवडी बाजार, गर्दी, निळा शर्ट घातलेला एक माणूस पाठमोरा, आणि त्याच्या खांद्यावर पिवळ्या फ्रॉकातलं एक पोर, हात मागे लांब केलेला, रडून तोंड वेडंवाकडं झालेलं. फोटो हललेला होता. खाली लिहिलं होतं, पोरं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा. मी त्याकडे किती वेळ बघितलं असेल? तोंडातला घास गिळेपर्यंत. मग मी वर माझा एक शब्द जोडला, 'खात्रीशीर', आणि पाच-सहा जणांना पुढे पाठवला. तो शब्द का जोडला? नुसता फोटो कोण उघडून बघतंय, म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. मग डबा धुतला आणि कामाला लागलो.

पाच वाजता शिफ्ट सुटून आलो तर चाळीच्या फाटकाशी तीस-चाळीस माणसं. गाड्या आडव्या लावलेल्या. कुणीतरी फोटोतला निळा शर्ट ओळखला होता, कुणी पिवळा फ्रॉक, कुणी सांगितलं की हा तर आबांच्या चाळीत राहतो. दिनेशला खोलीतून ओढून बाहेर काढलं होतं. शर्ट फाटलेला, ओठ फुटलेला. दोघांनी त्याचे हात धरून त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. आणि तेव्हा, त्याची पाठ समोर आली तेव्हा, मला तो फोटो ओळखू आला.

मी काय केलं? काही नाही. गर्दीच्या मागे उभा राहिलो आणि खिशातल्या खिशात मोबाईल बंद केला.

आबा घरातून बाहेर आले ते त्यांची लांब वही घेऊन. गर्दीतून वाट काढत दिनेशच्या दारापर्यंत गेले, आत त्याची बायको पोरीला छातीशी धरून बसली होती, त्या उंबऱ्यावर बसले आणि पेनाचं टोपण काढलं. मग विचारलं, तक्रारदार कोण. मला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं असतानाही हसू आलं, हे कबूल करतो. बुलेटवरून आलेला एक दाढीवाला पुढे झाला, म्हणाला, आबा, मधी पडू नका, यानं पोरगी पळवलीय.

"कुणाची पोरगी?" आबांनी विचारलं.

कुणाची ते त्याला माहीत नव्हतं. कुणाचीतरी.

"तू पाह्यलंस?"

"मोबाईलवर आलंय, आबा. खात्रीशीर हाय."

"कुणाची खात्री?"

दाढीवाल्यानं मागे बघितलं. मागच्यांनी त्यांच्या मागे बघितलं. आबा म्हणाले, असू दे, तुझं नाव सांग, बापाचं सांग, गाव सांग, लिवून घेतो. हात धरलेल्या दोघांचीही नावं विचारली. वही बघितल्यावर मागची दहा-बारा माणसं गुमान सटकली, कुणाला धारा काढायच्या होत्या, कुणाची विहिरीवरची मोटार चालू राहिली होती. पण सगळेच काही जाणारे नव्हते. मागून एक दगड आला. आबांच्या कानाच्या वर लागला आणि रक्त वहीवर टपकलं. म्हातारा डगमगला नाही. मला नाही वाटत त्यांना एवढं धाडस होतं, बिबट्याच्या वेळी बघितलंच होतं. पण वही उघडी होती आणि काम अर्धं राहिलं होतं. त्यांनी आधी किती वाजले ते विचारलं, लिहून घेतलं, आणि पुटपुटले, पर्सन अननोन.

मग वहीची मागची पानं उलटून उभे राहिले आणि वाचलं. अमुक तारीख, अमुक गाडी, दौंड स्टेशन. पुढचं त्यांनी वहीत न बघता सांगितलं.

"मी समक्ष ठेसनावर हुबा व्हतो. ह्या पोरीच्या आयनं डब्यातनं ही पोर माझ्या हातात दिली. ह्या हातात. पोर त्याची हाय. ज्याला मी खोटं बोलतोय असं वाटतं, त्यानं फुडं यावं आन् तसं लिवून द्यावं."

कानावरून रक्त गळ्यापर्यंत आलेलं. हा माणूस आयुष्यात बघितल्याशिवाय बोलत नाही, मिठाबद्दलसुद्धा बोलत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या दाढीवाल्यानंच आधी दिनेशचा हात सोडायला लावला. मग पोलिसांची गाडी आली, पण तोवर फाटकाशी दोन चपला आणि एक टोपी एवढंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून दिनेश कामावर गेला नाही. बायको सामान बांधायला लागली, म्हणाली, गावाला चला, इथं राहायचं नाही. आबा त्यांच्या दारात गेले आणि त्यांना आपल्या हिंदीत म्हणाले, किसने किया वो ढूँढके देता, फिर तुम लोग ठरवो, जाना है के रहना है. मग डोक्याला पट्टी बांधलेली, काखेत वही, असे माझ्या खोलीसमोर येऊन उभे राहिले. मला म्हणाले, गाडी काढ. का, तर मोबाईल वाचायला त्यांना कुणीतरी हवं होतं, आणि चाळीतला शिकलेला म्हणजे त्यांच्या लेखी मी एकटा.

म्हणजे बघा. मला शोधायला निघालेल्या माणसाला मागे बसवून मीच गाडी चालवत होतो!

नाही म्हणावंसं वाटलं. पोटात दुखतंय म्हणावं, ओव्हरटाइम आहे म्हणावं. पण नाही म्हटलं तर म्हातारा का म्हणून विचारणार, आणि का ते असर्टेन करत बसणार. आधी दाढीवाल्याकडे गेलो. तो खजील झालेला, चहा आणा, पाणी आणा. त्यानं मोबाईल काढून दिला, मी वाचलं. फोटो, सावध राहा, आणि सगळ्यात वर माझा शब्द. आबांनी मला तो तीनदा वाचायला लावला. बाहेर पडल्यावर म्हणाले, "फोटू काढणारानं फोटू काढला. सावध ऱ्हा म्हणणाराला भ्या वाटलं आसंल. पर खात्रीशीर कुणी म्हणलं, त्यो मला पायजे."

मी कशीबशी गाडीला किक मारली.

दाढीवाल्याला तो मेसेज सणसवाडीतल्या एका न्हाव्यानं पाठवला होता. न्हाव्याच्या दुकानात आबांनी अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाईकाला तसंच ताटकळत ठेवलं. न्हावी म्हणाला, मला कंपनीच्या फाटकासमोरच्या चहावाल्यानं पाठवला. चहावाल्याला मीच पाठवला होता. त्या टपरीवर माझी रोजची बैठक, तिथंच उभा राहून मी आबांची नक्कल करायचो.

आम्ही टपरीवर गेलो. आबांनी विचारलं, तुला कुणी पाठवलं. चहावाल्यानं आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला सगळं कळलं असावं. त्यानं मोबाईल काढला, उघडला आणि आबांना न देता माझ्या हातात दिला. मग दूध ढवळत बसला.

त्याच्या मोबाईलमध्ये माझं नाव 'क्वालिटीवाला' असं होतं. आबांनी विचारलं, काय नाव दिसतंय. मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, क्वालिटीवाला. आबा म्हणाले, ते नाव नव्हं, सणसवाडीत क्वालिटीवाले छप्पन असतील. नंबर वाच.

मी वाचायला लागलो. आबांनी वहीत लिहायला सुरुवात केली, एकेक आकडा, शाळेतल्या पोरासारखा जीभ दाताखाली धरून. पाच आकडे झाले, सहा झाले. एक आकडा बदलून सांगावा असं माझ्या मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू, सातव्या आकड्याला ओठावरसुद्धा आला होता. पण ते लिहून घेत होते. ज्या वहीत दौंड स्टेशन होतं, जिच्यावर अजून रक्ताचा डाग होता, तीच ती वही. मी दहाही आकडे बरोबर सांगितले. आबांनी खिशातून त्यांचा बटणांचा फोन काढला आणि वहीत बघत एकेक बटण दाबलं. माझ्या खिशात ढोलकी वाजायला लागली. रिंगटोन होती, चांगली मोठ्यांदा. टपरीवरची चार माणसं वळून बघायला लागली. आबांनी फोन कापला नाही, आणि ढोलकी वाजत राहिली.

"असर्टेन्ड," आबा म्हणाले. अगदी हळू. मिशीला हात लावला नाही.

मला वाटलं, आता कानाखाली बसणार, आणि बसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी दोन चहा सांगितले, एक माझ्यापुढे सरकवला, पी म्हणाले. मी विचारलं, आबा, तुम्हाला आधीपासून माहीत होतं का.

"सौशय व्हता. त्या दिवशी तू फाटकात मागं हुबा व्हतास. म्होरं आला न्हाईस. पर सौशय म्हंजी इट अपिअर्स. तेवढ्यावर मान्साला धरायचं नसतं."

मग म्हणाले, चल, आता त्याच्याकडं. मी म्हटलं, आबा, तुम्हीच सांगा त्याला, माझ्याच्यानं नाही होणार. ते म्हणाले, मी सांगितलं तर ते इट इज लर्न्ट हुईल, तू सांगितलं तर खरं. हा माणूस मला इतका राग आणणारा कधीच वाटला नव्हता, आणि त्याच्या शब्दाबाहेर जायची माझी हिंमतही कधी इतकी गळाली नव्हती.

दिनेश पुढे वर्षभर त्याच खोलीत राहिला, मुलगी अंगणवाडीत जायला लागली आणि बापाला पापा म्हणायला लागली, ते नंतरचं. त्या संध्याकाळी मी त्याच्या दारात उभा होतो. खोलीत बांधलेली दोन गाठोडी, एक पत्र्याची पेटी. दिनेश खाटेवर बसलेला, ओठ अजून सुजलेला. आबा माझ्या मागे. मी हिंदीत जुळवून आणलेलं वाक्य विसरलो. एवढंच म्हणालो, वो मेसेज मैंने भेजा था, उसमें पक्की खबर मैंने लिखा था.

दिनेश माझ्याकडे बघायचं टाळत होता, जणू चूक त्याचीच झाली होती. पोर सवयीनं माझ्या चपलांपाशी आली. तिच्या आईनं तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. मग ती आईच मला विचारू लागली. रागानं नाही, तिला खरंच कळत नव्हतं म्हणून विचारत होती.

"लेकिन भैया, आप तो इनको रोज देखते थे न?"

आबांनी वही उघडली नाही, काखेतच धरून उभे राहिले. ती बाई माझ्या उत्तराची वाट बघत होती. काय सांगणार होतो मी तिला? पाठमोरा होता म्हणून?